वाढत्या बाळाची झोप

सव्वा महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या हाती झोपेतल्या आकस्मिक मृत्यूविषयीचं पुस्तक द्यावं का? हे हस्तलिखित वाचायला घेतलं तेव्हा पहिला प्रश्न हाच मनात आला. आपल्याकडे लेकरासमोर मरणाचा शब्द काढत नाहीत. कुणाच्या तोंडून निघालाच, तर आजी लगेच मीठमोहऱ्या उतरवते. त्यामागची माया मी जाणतो. तरीही शेवटचं पान उलटेपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं: हे पुस्तक आईच्या हाती जायलाच हवं, आणि आईच्याही आधी आजी, मावशी, आत्या यांच्या हाती. कारण या विषयातली सर्वांत मोठी बातमी आनंदाची आहे. अनेक देशांत हे मृत्यू थोड्याच वर्षांत निम्म्यावर, काही ठिकाणी निम्म्याच्याही खूप खाली आले. त्यासाठी नवं औषध लागलं नाही, नवं यंत्र लागलं नाही. बाळाला कसं निजवायचं, एवढं घरोघर सांगावं लागलं.

आधी विषय नेमका काय ते पाहू. वर्षाच्या आतलं, वरवर धडधाकट दिसणारं बाळ झोपेत जातं. शवविच्छेदन होतं, ते निजलं होतं ती जागा पाहिली जाते, आधीची दुखणीखुपणी तपासली जातात, आणि तरीही कारण सापडत नाही. अशा मृत्यूला 'आकस्मिक शिशुमृत्यू' म्हणतात. दवाखान्यात इंग्रजी आद्याक्षरांचा 'सिड्स' हा शब्द रुळला आहे. १९६९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलला भरलेल्या परिषदेत ब्रूस बेकविथ यांनी त्याची व्याख्या मांडली. निजण्याच्या जागेची तपासणी ही अट पुढे तिला जोडली गेली. त्याआधी अशा बाळाच्या दाखल्यावर न्यूमोनिया, गुदमरणं असं काहीबाही लिहिलं जाई. या व्याख्येत कोणत्याही आजाराचं वर्णन नाही. सगळीकडे शोधलं आणि काही हाती लागलं नाही, एवढीच तिच्यात कबुली आहे. पण त्या कबुलीमुळे मृत्यू वेगळे मोजता येऊ लागले, आणि मोजल्यावर त्यांची एक ठळक रेघ दिसली.

नवजात बाळांना असणारे बाकीचे धोके जन्माच्या दिवशी सर्वांत जास्त असतात आणि दिवसागणिक उतरत जातात. सिड्स तसा वागत नाही. पहिल्या महिन्यात तो तुलनेने कमी. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक. सुमारे नव्वद टक्के मृत्यू सहा महिन्यांच्या आतले. मुलग्यांत मुलींपेक्षा जास्त. माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली या वयाच्या आलेखात आहे. हा निव्वळ दैवाचा घाला असता, तर त्याने दोन ते चार महिने हेच वय का निवडलं असतं? त्या काळात बाळाच्या शरीरात असं काय चाललेलं असतं?

उत्तर एका शब्दात द्यायचं तर, वाढ. माणूस आयुष्यात पुन्हा कधीही या वेगाने वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणांनुसार मुलगा जन्मतः साधारण ३.३ किलोचा असतो, तीन महिन्यांचा होईतो ६.४ किलोचा होतो, मुलगी ३.२ वरून ५.८ किलोवर जाते. डोक्याचा घेर तेवढ्याच काळात सुमारे सहा सेंटिमीटरने वाढतो. बाहेरून आपल्याला गाल भरलेले दिसतात, मनगटाला वळ्या पडलेल्या दिसतात. आत मात्र एकेक व्यवस्था जुनी सोडून नवी धरत असते. जन्माच्या वेळी रक्तात भरपूर असलेलं हिमोग्लोबिन आठ ते बारा आठवड्यांच्या सुमारास सर्वांत खाली येतं. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्यं ओसरू लागतात आणि बाळाची स्वतःची अजून पुरती तयार झालेली नसतात. दिवस आणि रात्र यांतला फरक मेंदूला कळू लागतो, झोपेची घडी बदलते, झोप गाढ आणि सलग होऊ लागते. घरातले सगळे या शेवटच्या बदलाची वाट पाहत असतात. पण झोपेतून चटकन जागं होणं हेच बाळाचं मोठं संरक्षण असतं. तोंड दुपट्यात गेलं, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा आत जाऊ लागला, की निरोगी बाळ उसासा टाकतं, चुळबुळतं, मान वळवतं, रडतं. हे सगळं मेंदूच्या बुंध्याकडून घडतं. बोस्टनच्या हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिड्सने गेलेल्या अनेक बाळांच्या मेंदूचा हा भाग तपासला, तेव्हा श्वास आणि जाग सांभाळणाऱ्या सेरोटोनिनच्या व्यवस्थेत त्यांना दोष आढळले.

किनी आणि जेम्स फिलियानो यांनी १९९४ साली मांडलेली विचाराची चौकट आजही सर्वांत उपयोगी आहे. तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या तर मृत्यू ओढवतो, असं ती सांगते: आतून कुठेतरी कमकुवत असलेलं बाळ, वाढीचा नाजूक टप्पा, आणि बाहेरून आलेला ताण. पहिली गोष्ट आपल्याला दिसत नाही. दुसरी टाळता येत नाही. प्रत्येक बाळाला त्या टप्प्यातून जावंच लागतं. तिसरी मात्र जवळपास पूर्णपणे आपल्या हातात आहे. पालथं निजवणं, मऊ गादी, तोंडावर येणारं पांघरूण, जास्तीचे कपडे, धूर हे ते बाहेरचे ताण. या पुस्तकातली व्यवहाराची प्रकरणं सगळी या तिसऱ्या गोष्टीवर उभी आहेत, आणि ते अगदी योग्य आहे.

वजनाचा आणि या मृत्यूंचा संबंध काय, हा प्रश्न इंग्लंडमध्ये शेफील्डला फार आधीपासून विचारला गेला. तिथल्या बालरुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ जॉन एमरी यांनी आयुष्यभर गेलेल्या बाळांची शवविच्छेदनं केली, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. बाळ कसं वाढत होतं, घरी काय परिस्थिती होती, याची चौकशी त्यांनी लावून धरली. संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्पेंटर यांच्यासह त्यांनी १९७४ साली 'नेचर'मध्ये लेख लिहिला. जन्माच्या वेळच्या माहितीवरून जास्त धोक्याची बाळं ओळखायची आणि त्यांच्या घरी आरोग्यसेविकेने जास्त वेळा जायचं, ही त्यांची कल्पना. पुढे १९८०च्या दशकाअखेर ब्रिटनमध्ये एक सुंदर योजना सुरू झाली. ज्या घरातलं बाळ असं गेलं, त्या घरी पुढचं बाळ आल्यावर आईबापांना एकटं सोडायचं नाही. आरोग्यसेविका नियमित घरी येई, वजनकाटा आणि वजनाचा तक्ता घरी दिला जाई, दुखण्याखुपण्याची रोजची नोंद ठेवायला वही दिली जाई. काट्यावर वाढत जाणारा आकडा पाहून त्या आईला किती धीर येत असेल, हे ज्याने अशी आई पाहिली आहे त्यालाच कळेल.

जन्मतः वजन कमी असणं आणि दिवस भरण्याआधी जन्म होणं, या दोन्हींनी धोका वाढतो हे कधीच सिद्ध झालं आहे. जन्मानंतरच्या वाढीचं काय? इंग्लंडमध्ये १९९३ ते १९९६ या काळात आकस्मिक शिशुमृत्यूंचा मोठा तुलनात्मक अभ्यास झाला. गेलेल्या प्रत्येक बाळाच्या जोडीला त्याच वयाची, त्याच भागातली जिवंत बाळं घेतली होती. ब्रिस्टलच्या पीटर ब्लेअर, पीटर फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी त्या सर्वांच्या वजनाच्या नोंदी तपासून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गेलेल्या बाळांचं वजन जन्मानंतर इतरांच्या मानाने हळू वाढलं होतं. त्यातही विशेष असं की हा फरक जन्मतः चांगल्या वजनाच्या बाळांत जास्त ठळक होता. सव्वातीन किलोचं बाळ घरी आलं की सगळे निर्धास्त होतात. त्याचं पुढचं वजन कुणी पाहत नाही.

इथे एक खबरदारी हवी, आणि लेखिकेने ती घेतली आहे. एखाद्या महिन्यात बाळाचं वजन कमी वाढलं म्हणून त्याला असा धोका आहे, असा अर्थ कुणीही काढू नये. हजारो बाळांच्या सरासरीत दिसणारा फरक एका बाळाचं भविष्य सांगू शकत नाही. वजन रेंगाळण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: बाळ स्तनाला नीट लागत नाही, वेळ पाहून पाजलं जातं, रात्रीचं पाजणं लवकर थांबवलेलं असतं, मधेच जुलाब होऊन गेलेले असतात. ती शोधून दूर करायची. वजन घ्यायचं ते यासाठी.

तक्त्यावरची रेघ वाचतानाही घोटाळे होतात. २००६ सालापर्यंत जगभर वापरात असलेले तक्ते बहुतांशी अमेरिकेतल्या बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बाळांवरून बेतलेले होते. अंगावर पिणारं बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बाटलीच्या बाळापेक्षा सावकाश वजन घेतं. त्यामुळे त्या तक्त्यावर निरोगी बाळसुद्धा मागे पडलेलं दिसे, आणि 'दूध पुरत नाही' म्हणून वरचं दूध सुरू केलं जाई. मग जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझीलमधलं पेलोतास, घानातलं अक्रा, आपली दिल्ली, ओमानमधलं मस्कत, नॉर्वेतलं ऑस्लो आणि कॅलिफोर्नियातलं डेव्हिस इथल्या, धूम्रपान न करणाऱ्या आयांच्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळांवरून नवी प्रमाणं तयार केली. अंगणवाडीतल्या कार्डावरच्या रेघा आज त्यांवरूनच आखल्या जातात. ही निव्वळ तक्त्याची दुरुस्ती नाही. किमान दोन महिने अंगावर पाजल्याने सिड्सचा धोका सुमारे निम्मा होतो, असं अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. चुकीच्या रेघेपायी आईचं दूध तोडलं गेलं, तर बाळाचं संरक्षणच कमी होतं.

आता पालथं निजवण्याची गोष्ट. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण वैद्यकशास्त्राने मान खाली घालून वाचावी अशी ती आहे.

न्यूयॉर्कच्या हॅरल्ड अब्रामसन यांनी १९४४ सालीच दाखवलं होतं की झोपेत गेलेली बहुतेक बाळं पालथी होती. पण १९५०च्या दशकात वारं उलटं फिरलं. उताणं निजलेलं बाळ उलटी झाली तर ठसकेल, अशी भीती घातली गेली. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरच्या, लाखोंनी खपलेल्या पुस्तकाच्या त्या काळातल्या आवृत्त्यांतही पालथं निजवण्याची शिफारस आली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अतिदक्षता कक्षात पालथं ठेवलं की श्वास सुधारतो, असं डॉक्टरांनी पाहिलं होतं. ते निरीक्षण खरंच होतं. पण तिथे चोवीस तास परिचारिका असते, छातीला तारा लावलेल्या असतात. तोच नियम घरच्या पाळण्याला लावला गेला, आणि युरोप-अमेरिकेतली, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली बाळं पालथी निजू लागली. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात हा सल्ला पसरला तसे मृत्यू वाढत गेले, तिथल्या डॉ. द योंग यांनी तो संबंध ओळखला आणि १९८७ साली पालथं न निजवण्याची मोहीम सुरू झाली. न्यूझीलंडमध्ये त्याच सुमारास एड मिचेल आणि सहकाऱ्यांनी देशभराचा अभ्यास केला: पालथं निजवणं, आईचं धूम्रपान आणि आईचं दूध नसणं, ही टाळता येण्याजोगी तीन मोठी कारणं त्यात निघाली. इंग्लंडमध्ये एव्हन परगण्यात पीटर फ्लेमिंग यांनी १९९० साली तेच दाखवलं, आणि जोडीला हेही, की जास्त गुंडाळल्याने धोका वाढतो.

१९९१ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या लोकप्रिय निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं चार महिन्यांचं बाळ असंच गेलं. न्यूझीलंडने सल्ला बदलला आहे हे त्यांना कळलं आणि आपल्या देशातल्या आयांना हे अजून का सांगितलं नाही, असा जाब त्यांनी सरकारला विचारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'उताणं निजवा' ही मोहीम सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ साली दीड हजारांहून जास्त बाळं अशी गेली होती. मोहिमेनंतर पहिल्याच वर्षात आकडा पाचशेच्या आसपास उतरला. अमेरिकेत १९९४ साली मोहीम सुरू झाली. १९९२ साली हजार जन्मांमागे १.२ असलेलं प्रमाण २००१ पर्यंत ०.५६ वर आलं. आणि ठसकण्याची भीती? उताण्या निजलेल्या बाळांत तसे मृत्यू वाढले नाहीत.

२००५ साली लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास गोळा केले. १९७० सालापर्यंतच पालथं निजवण्याचा धोका सिद्ध करण्याइतका पुरावा हाती होता, असं त्यांना दिसलं. तो तेव्हाच एकत्र मांडला असता, तर ब्रिटनमध्ये दहा हजारांवर आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती. हा आकडा प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने पाठ करावा. पुरावा कपाटांत होता आणि सल्ला पालकांच्या कानात उलटा जात होता.

आपला यात संबंध काय? ब्रिटनमध्ये याच काळात एक गोष्ट वारंवार दिसत होती. तिथल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी घरांत, हे मृत्यू आजूबाजूच्या गोऱ्या कुटुंबांपेक्षा बरेच कमी होते, गरिबी जास्त असूनही. कार्डिफ आणि ब्रॅडफर्डमध्ये संशोधकांनी या घरांत जाऊन पाहिलं. बाळ उताणं निजतं, आया सिगारेट ओढत नाहीत, आणि बाळाला वेगळ्या खोलीत एकटं ठेवत नाहीत. रात्रंदिवस कुणीतरी जवळ असतं. आपल्या आज्यांनी डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीच्या उशीवर बाळाला उताणं ठेवलं, तेव्हा त्यांच्या मनात हे काही नव्हतं. उशीची गरज नाही, पण उताणं निजवण्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

तरी म्हणून सगळी जुनी रीत निर्धोक ठरत नाही. लेखिकेने या बाबतीत कुणाची भीड ठेवलेली नाही याचं मला समाधान वाटलं. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी, वर ओवा-वेखंडाची धुरी, बाळाच्या डोक्याला टोपडं, अंगात झबलं, त्यावर दुपटं, त्यावर शाल. दोन किलोच्या सात दिवसांच्या बाळाला ऊब हवी, हे खरंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, त्यात बाळ गार पडू न देणं हा मोठा भाग होता. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचं त्यांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. डोक्यावरचं टोपडं तिथे जीव वाचवतं. पण तेच बाळ अडीच महिन्यांचं, पाच किलोचं झालं की गणित बदलतं. अंगावर चरबी आलेली असते, शरीर स्वतः भरपूर उष्णता तयार करतं, आणि गुंडाळलेल्या बाळाला ती बाहेर टाकायला डोकं-तोंड एवढीच जागा उरते. त्यात सर्दी-तापाची साथ आली आणि घरच्यांनी काळजीने आणखी पांघरूण घातलं, तर काय होतं, हे एव्हनच्या अभ्यासात सत्तर दिवसांपुढच्या बाळांत स्पष्ट दिसलं: विषाणूसंसर्ग आणि जास्तीचं गुंडाळणं एकत्र आलं की धोका अनेक पटींनी चढला. सातव्या दिवसाची काळजी नव्वदाव्या दिवशी तशीच चालू ठेवायची नसते. बाळ वाढतं तशी काळजीही बदलत न्यायची, हा या पुस्तकाचा गाभा आहे, आणि तो मला इतक्या नेमकेपणाने मराठीत कुठे वाचायला मिळाला नव्हता.

मिश्रीविषयी बोलायलाच हवं. आपल्याकडच्या बायका बिडी-सिगारेट क्वचित ओढतात, म्हणून तंबाखूचा प्रश्न आपल्याला नाही असं समजायचं कारण नाही. सकाळी उठून मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं सांगणाऱ्या गर्भवती कोकणापासून मराठवाड्यापर्यंत भेटतात. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी गर्भवतींचा अभ्यास केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण वाढलं. स्वीडनमध्ये ओठांत तपकिरीची पुडी ठेवायची सवय आहे. तिथल्या देशभराच्या नोंदींवरून अलीकडे दिसलं की गरोदरपणात ती वापरणाऱ्या आयांच्या बाळांत सिड्सचं प्रमाणही जास्त आहे. म्हणजे दोष फक्त धुराचा नाही. निकोटिन पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतं. 'डोहाळे लागलेत, थोडी लावू दे' असं म्हणणाऱ्या सासूबाईंना हे समजावून सांगायला हवं. आणि घरात बिडी ओढणाऱ्या बापाला, आजोबाला ती बाहेर ओढायला लावून भागणार नाही, सोडायलाच लावायला हवी.

शहरांतल्या नव्या घरांत वेगळेच धोके आलेत. फूट-फूटभर मऊ गादी, पाळण्याला चहूबाजूंनी लावलेल्या गुबगुबीत उशा, खेळण्यांचा ढीग, आणि दमलेला बाप बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर झोपी गेलेला. सोफा ही बाळासाठी सर्वांत धोक्याची जागा आहे. सतरंजीवर घातलेली पातळ गोधडी त्या गादीपेक्षा कितीतरी बरी. श्वास मोजणारे मोजे आणि मोबाइलवर घंटा वाजवणारी उपकरणं यांवर पैसे घालवू नका. त्यांनी हे मृत्यू टळतात असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. बाळ आपलं आपण दोन्हीकडे वळू लागलं, पालथं पडू लागलं, की झोपवताना उताणंच ठेवा, पण रात्रभर उठून उठून सरळ करायची गरज नाही. जागेपणी मात्र आपल्या देखत पोटावर खेळू द्या. मान, खांदे त्यानेच बळकट होतात.

लसीची भीतीही याच वयाशी जोडलेली आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस नेमके सिड्सच्या सर्वाधिक धोक्याच्या काळात येतात, त्यामुळे लसीनंतर काही दिवसांनी एखादं बाळ गेलं की बोट लसीकडे वळतं. मोठमोठ्या अभ्यासांत लसीमुळे धोका वाढत नाही हे दिसलं आहे. उलट लस घेतलेल्या बाळांत हे मृत्यू कमीच आढळले. मला तर हे डोस मोठी संधी वाटतात. आशाताईंच्या नवजात बाळाच्या गृहभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात. त्यानंतरच्या ठरलेल्या भेटी तिसऱ्या महिन्यापासून, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने असतात. मधल्या नाजूक आठवड्यांत आरोग्यसेवेची आणि बाळाची गाठ पडते ती लसीच्या टेबलाशी. तिथे वजन करून, 'बाळ कसं निजतं, कशावर निजतं, घरात तंबाखू कोण वापरतं' एवढं विचारलं, तर नवी योजना काढावी लागणार नाही.

उरतो तो सर्वांत दुखरा भाग. आपल्याकडे असं बाळ गेलं की शवविच्छेदन सहसा होत नाही. दृष्ट लागली, सटवीने नेलं, आईच्या अंगाखाली आलं, यांपैकी काहीतरी ठरतं, आणि ते शेवटचं ठरलं तर त्या बाईचं उरलेलं आयुष्य त्या एका वाक्याखाली जातं. ब्रिटनमध्ये विज्ञानाच्या नावाखाली याहून भयंकर घडलं. सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही मुलं गेली. एका घरात असे दोन मृत्यू होण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक आहे, असं एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने न्यायालयात सांगितलं, आणि १९९९ साली त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. तो आकडा चूक होता. एका घरातले दोन मृत्यू परस्परांशी असंबद्ध धरून ८५४३ ला ८५४३ ने गुणलं होतं. प्रत्यक्षात एकाच घरातल्या भावंडांचं रक्त, परिस्थिती, धोके सारखेच असतात. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीरपणे हरकत घेतली. २००३ साली क्लार्क सुटल्या, २००७ साली गेल्या.

आपल्याकडे २०१४ पासून बालमृत्यू अन्वेषणाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. त्यानुसार घरी जाऊन, दोष न देता, काय घडलं याची नोंद घ्यायची असते. त्या नोंदीत बाळ कसं निजलं होतं, अंगावर किती कपडे होते, शेवटचं वजन कधी आणि किती भरलं होतं, हे विचारलं जावं अशी माझी आग्रहाची मागणी आहे. ज्या आईबापांनी असं बाळ गमावलं आहे, ते हे पुस्तक कदाचित रडत वाचतील. त्यांना मी एवढंच सांगेन: तुम्हाला त्या वेळी जे माहीत होतं, त्यानुसार तुम्ही मायेने केलंत. इथे जे लिहिलं आहे ते पुढच्या बाळांसाठी आहे, मागच्या रात्रीचा हिशेब मांडण्यासाठी नाही.

आणि ज्यांच्या घरी आत्ता पाळणा हलतो आहे त्यांना: अडीच महिन्यांच्या डोसाला जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या, वजन करून घेतल्याशिवाय परतू नका, आणि बाळ घरी कसं निजतं ते सिस्टरना सांगा, त्यांनी विचारलं नाही, तरी सांगा.